सायकल चालती राहो, रस्ता सुरक्षित होवो : वस्तीने काय करावे?



आरोग्याच्या पानावर सायकल आणि रस्ता हा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. नर्स म्हणून मी बरीच वर्षे अपघात विभागात काढली. तिथे येणाऱ्या जखमींत मोटारीत बसलेले लोक कमी असत. पायी चालणारे, सायकलवरचे आणि दुचाकीवरचे लोक जास्त असत. जागतिक आरोग्य संघटनेचे आकडेही हेच सांगतात. जगात दरवर्षी सुमारे ११ लाख ९० हजार माणसे रस्त्यावर मरतात आणि त्यांतले निम्म्याहून जास्त पादचारी, सायकलस्वार आणि दुचाकीस्वार असतात. ५ ते २९ या वयात मृत्यूचे सर्वांत मोठे कारण कुठला आजार नाही, रस्त्यावरचा अपघात आहे.

आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांत ३२,८२५ पादचारी होते आणि सायकलस्वार सुमारे ४,८००. महाराष्ट्रात त्या वर्षी १५,२२४ मृत्यू झाले. जे वाचले, पण पाय गमावून किंवा डोक्याला मार लागून घरी बसले, ते या आकड्यांत नाहीत. वस्तीतल्या घरात कमावता माणूस सहा महिने खाटेवर पडला की आधी दागिने जातात, मग सावकार येतो, मग मुलीची शाळा सुटते. म्हणून रस्ता हा आरोग्याचाच विषय आहे.

वस्तीत सायकल कोणाची?

शहरात सायकल म्हटली की लोकांना हेल्मेट घालून पहाटे फिरायला जाणारे साहेब आठवतात. आपल्या वस्तीत बघा. रात्रपाळीचा वॉचमन, पेपर टाकणारी पोरे, रंगारी, सुतार, भंगार गोळा करणारा, चहाची किटली लटकवून फिरणारा आणि शाळेत जाणाऱ्या मुली सायकलवर असतात. त्यांना सायकल हौस म्हणून लागत नाही. बसभाडे आणि पेट्रोल वाचवण्यासाठी लागते.

शरीरालाही तिचा फायदा आहे. मोठ्या माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. कामावर जाता-येता मिळून रोज अर्धा तास सायकल चालली, तर पाच दिवसांत तेवढा व्यायाम होतो. साखर, रक्तदाब, वजन आणि हृदय या चारही गोष्टींना त्याचा उपयोग होतो. पण ट्रकच्या बाजूने जीव मुठीत धरून सायकल चालवायची असेल, तर आई मुलीला सायकल देणार नाही आणि माणूस हप्त्यावर दुचाकी घेईल. म्हणून सायकल टिकायची तर आधी रस्ता बदलावा लागतो.

सायकलने काय होऊ शकते, हे तामिळनाडूच्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात दिसले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे साक्षरता मोहीम चालू होती. जिल्हाधिकारी शीला रानी चुंकत यांनी अक्षरांबरोबर बायकांना सायकलही शिकवायचे ठरवले. शेतमजूर, दगडखाणीत राबणाऱ्या, अंगणवाडीत काम करणाऱ्या अशा हजारो बायका सायकल शिकल्या. बाजार, पाणी आणि दवाखाना यांसाठी घरच्या पुरुषाची वाट बघणे संपले. बिहारमध्ये २००६ पासून नववीच्या मुलींना सायकलसाठी पैसे मिळू लागले, तेव्हा माध्यमिक शाळेतल्या मुलींची संख्या लक्षणीय वाढली.

मारतो तो वेग

अपघात झाला की आपण म्हणतो, नशीब फुटके. नशिबाचा यात संबंध नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाने येणाऱ्या चालकाला समोर मूल दिसले, तर ब्रेकवर पाय जाईपर्यंतच्या एका सेकंदात गाडी सुमारे १४ मीटर पुढे जाते. ताशी ३० असेल तर सुमारे ८ मीटर. त्या सहा मीटरच्या फरकात मूल वाचते किंवा चिरडते. धडक बसलीच, तरी ३० च्या वेगाला बहुतेक माणसे वाचतात. वेग वाढला की मेंदू, छाती आणि पोट यांना बसणारा मार झपाट्याने वाढतो. म्हणूनच २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात जगभरच्या देशांना सांगितले गेले, की जिथे पायी चालणारे, सायकलवाले आणि मोटारी एकत्र येतात, तिथे वेगमर्यादा ताशी ३० किलोमीटर असावी.

हेल्मेट डोके वाचवते, ते घालावेच. पण ट्रकच्या वेगापुढे हेल्मेटची ताकद थोडीच. रस्त्याची रचनाच अशी हवी की गाडीला वेग घेताच येऊ नये.

ॲमस्टरडॅमच्या कामगार वस्तीतली मुले

नेदरलँड्समध्ये आज लहान मुलेही बिनधास्त सायकलवर शाळेत जातात. ते लोक मुळातच शिस्तीचे, असे आपल्याला वाटते. खरी गोष्ट वेगळी आहे. १९७१ मध्ये त्या छोट्या देशात सुमारे ३,३०० माणसे रस्त्यावर मेली आणि त्यांत ४०० हून जास्त मुले होती. व्हिक लांगेनहॉफ या पत्रकाराची सहा वर्षांची मुलगी सायकलवरून शाळेत जाताना मोटारीखाली गेली. १९७२ मध्ये त्याने वर्तमानपत्रात लेख लिहिला. ‘बालहत्या थांबवा’ असे त्याचे शीर्षक होते. त्याच नावाची संघटना उभी राहिली आणि मार्टिए फान पुटन ही तरुण आई तिची पहिली अध्यक्ष झाली. या लोकांनी अपघाताच्या जागी ठाण मांडले, सायकल मोर्चे काढले आणि मुलांना खेळता यावे म्हणून रस्ते बंद करून घेतले.

त्याच वर्षी ॲमस्टरडॅमच्या ‘द पाइप’ या दाट वस्तीच्या कामगार भागातली शाळकरी मुले उठली. घरे लहान, खेळायला जागा नाही आणि गल्लीत दोन्ही बाजूंना मोटारी उभ्या, असा तो भाग होता. आपल्या वस्तीचेच वर्णन वाटावे. मुलांनी दारोदार सह्या गोळा केल्या आणि गल्लीच्या तोंडाशी अडथळे लावले. काही मोटारवाले त्यांच्या अंगावर धावून आले. हे सगळे दूरदर्शनवर दिसले आणि देश हलला.

इथे आपल्याला शिकायचे आहे ते पुढचे. ही माणसे एका मोर्चानंतर घरी गेली नाहीत. १९७५ मध्ये सायकलवाल्यांची संघटना झाली. आजही तिचे हजारो वर्गणीदार सभासद आहेत आणि गावोगावी शाखा आहेत. शाखेची माणसे आपल्या भागातल्या वाईट जागा शोधतात, नकाशावर खुणा करतात आणि नगरपालिकेच्या मागे लागतात. १९७६ मध्ये तिथे कायद्यात ‘निवासी गल्ली’ आली. अशा गल्लीत मोटारीने माणसाच्या चालीने जायचे असते. मुलांचे मृत्यू हळूहळू चारशेवरून अगदी थोड्यांवर आले. त्यासाठी काही दशके लागली.

पुण्यात काय झाले?

एके काळी पुणे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. २००६ मध्ये बीआरटीच्या रस्त्यांबरोबर सायकल मार्ग बांधले गेले. २०१७ मध्ये महापालिकेने शहरासाठी सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास कंपन्यांच्या भाड्याच्या सायकली जागोजागी उभ्या राहिल्या. वर्ष-दोन वर्षांत त्यांतल्या बहुतेक नाहीशा झाल्या. सायकल मार्गांवर आज अनेक ठिकाणी मध्येच खांब येतो, पुढे गाड्या उभ्या असतात, त्यापुढे मार्गच संपतो.

काही संस्था आणि नागरिक वर्षानुवर्षे चिकाटीने पाठपुरावा करत आहेत, त्यांचे मोल मोठे आहे. पण ज्या वॉचमनची आणि कामवाल्या बाईची रोजची वाट त्या रस्त्याने जाते, ते या कामात किती होते? मार्ग कुठून कुठे जावा, हे त्यांना कोणी विचारले? जो रस्ता वापरतो तोच त्याची राखण करतो. वापरणारा बाजूला राहिला की मार्गाचे पार्किंग होते.

रस्ता कोणाचा, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. १८९३ मध्ये त्रावणकोरात अय्यंकाळी यांनी बैलगाडीत बसून सार्वजनिक रस्त्यावरून प्रवास केला. अस्पृश्यांना त्या रस्त्यांवर बंदी होती. आज बंदीची पाटी नाही. पण ज्याच्याकडे मोटार नाही त्याला चालायला जागाच ठेवायची नाही, ही नव्या तऱ्हेची बंदीच आहे. अडथळा नसलेला पदपथ हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये म्हटले आहे.

पंधरा दिवसांचा उत्साह

वस्तीत मूल गाडीखाली येते. रास्ता रोको होतो, नेते येतात, रातोरात सिमेंटचा उंचवटा होतो. पंधरा दिवसांनी सगळे शांत. सहा महिन्यांत उंचवटा झिजतो आणि पुन्हा कोणीतरी जाते. काम टिकत नाही, याची कारणे नेहमीचीच आहेत : एकाच माणसावर सगळा भार, कागद कोणाकडे नाही, पैसा कुठून आला ते ठाऊक नाही आणि बायकांना न जमणाऱ्या वेळी बैठका. काम टिकवायचे तर पुढील गोष्टी कराव्यात.

१. वही ठेवा. विहारात किंवा महिला मंडळाकडे एक अपघात-वही ठेवावी. तारीख, वेळ, जागा, कोणती गाडी, कोणाला काय लागले, एवढेच लिहायचे. थोडक्यात वाचले, तेही लिहावे. तीन महिन्यांत दिसेल की बहुतेक नोंदी दोन-तीन जागांच्याच आहेत. ‘आमच्याकडे फार अपघात होतात’ म्हणून गेलात तर अधिकारी मान हलवतो. नोंदींची वही घेऊन गेलात तर त्याला उत्तर द्यावे लागते.

२. एका वेळी एकच मागणी. ‘रस्ता सुधारा’ ही मागणी नाही. ‘शाळेच्या फाटकासमोर झेब्रा पट्टा, फलक आणि प्रमाणात बसणारा गतिरोधक हवा’ ही मागणी आहे. पूर्ण झाली की नाही, ते डोळ्यांनी दिसले पाहिजे.

गतिरोधकाचेही प्रमाण आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गोल गतिरोधक सुमारे ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असतो. आधी सूचना फलक आणि वर पांढरे पट्टे लागतात. घरगुती अरुंद उंचवट्यावर सायकल उलटते, रिक्षातल्या गरोदर बाईला आणि म्हाताऱ्यांच्या कण्याला जबर दणका बसतो. तो स्वतः बांधू नका, महापालिकेकडून मागून घ्या.

३. कागद सोडू नका. अर्ज दोन प्रतींत द्यावा आणि एकीवर आवक क्रमांक व शिक्का घ्यावा. एक महिन्यात काही झाले नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला तेही नाही, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘का केले नाही’ असे विचारू नका. ‘आमच्या अर्जावर झालेल्या कार्यवाहीची प्रत द्या’ असे मागा. पुणे महापालिकेत २००६ पासून नागरिकांकडून छोट्या कामांच्या सूचना घेऊन त्या अंदाजपत्रकात धरण्याची पद्धत आहे. पदपथ, दिवे अशी कामे त्यात बसतात. तुमच्या शहरात अशी सोय आहे का, ते प्रभाग कार्यालयात विचारा.

४. पैसा थोडा, पण घराघरांतून. ६० घरांनी महिन्याला १० रुपये दिले तर वर्षाचे ७,२०० होतात. झेरॉक्स, टपाल, माहिती अर्ज, सायकलींचे परावर्तक, घंट्या, ब्रेकची रबरे, पंप आणि पंक्चरचे सामान एवढ्यात सहज बसते. पैसे बचत गटातल्या दोन बायकांच्या सहीने ठेवावेत, हिशेब दर महिन्याला फळ्यावर लिहावा. निवडणुकीच्या उमेदवाराने दहा हजार दिले तर मोह होतो. पण त्या पैशाबरोबर त्याचा फलक येतो आणि तो हरला की काम बंद पडते. दहा रुपये देणारे घर मात्र विचारत राहते, ‘काय झालं गं आपल्या अर्जाचं?’ तो प्रश्नच काम जिवंत ठेवतो.

५. प्रत्येक कामाला दोन माणसे. वही, अर्ज, पैसा आणि सायकल दुरुस्ती ही चार कामे दोघा-दोघांत वाटावीत. सहा महिन्यांनी एकजण बदलावा, म्हणजे जुना नव्याला शिकवतो. धुणीभांडी करून येणाऱ्या बायकांना सकाळी दहाची बैठक जमत नाही. त्यांना विचारून वेळ ठरवा. कॉलेजच्या मुलांकडे फोटो आणि नकाशा द्या.

६. आधीच्या जमण्याचा उपयोग करा. वर्षावासात लोक रोज विहारात येतात, रविवारची वंदना असते, जयंतीची तयारी असते. तिथेच पाच मिनिटे रस्त्याच्या कामाला मागावीत. दर महिन्याला एका रविवारी विहाराच्या अंगणात सायकल दुरुस्ती ठेवावी. वस्तीतलाच पंक्चरवाला मुलामुलींना शिकवेल. ज्या बायकांना सायकल येत नाही त्यांनाही तिथेच शिकवावे. अर्ज पडून असला तरी दुरुस्तीमुळे माणसे येत राहतात.

७. काम झाल्यावर थांबू नका. पट्टा रंगवला गेला की अधिकाऱ्याचे आभाराचे पत्र द्या, मुलांना खाऊ वाटा आणि वहीत पुढची जागा निवडा. जूनमध्ये शाळा उघडण्याआधी आणि पावसाळा संपल्यावर जुन्या कामांची फेरी मारा.

हातगाडीवाल्याशी भांडण नको

एक धोका सांगायला हवा. सुरक्षित पदपथाच्या नावाखाली पालिकेची गाडी आली, की पहिली हातगाडी आपल्याच माणसाची उचलली जाते. भाजीवाली मावशी आणि वडापाववाला भाऊ मग म्हणतात, ‘तुमच्या सायकलपायी आमचं पोट गेलं.’ तिथेच वस्ती फुटते. म्हणून पहिली बैठक त्यांच्याबरोबर घ्या. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्यांना संरक्षण आहे, सर्वेक्षण आणि जागा ठरवण्याची पद्धत आहे. रस्त्यावर सर्वांत जास्त जागा अडते ती उभ्या मोटारींनी. मागणीत लिहा : आधी पार्किंग हटवा आणि विक्रेत्यांना आखलेली जागा द्या. हातगाडीवाला दिवसभर तिथेच असतो, अपघात तोच पहिला बघतो. तो आपल्या बाजूला आला तर वही नीट भरते. रिक्षा स्टँडवाल्यांचेही तसेच.

घरी घ्यायची काळजी

लहान मुलाला कॅरिअरवर पाय लोंबकळत बसवू नका. टाच चाकाच्या तारांत अडकून कातडी सोलली जाते आणि जखम भरायला आठवडे लागतात. पाय ठेवायला जागा असलेली सीट आणि चाकाला जाळी लावा. साडी-ओढणी मागच्या चाकात जाणार नाही, हे बघा. दोन्ही ब्रेक, घंटा आणि मागे लाल परावर्तक हवाच. रात्रपाळीवाल्यांनी पुढे दिवा लावावा आणि फिकट रंगाचे कपडे घालावेत.

मूल सायकलवरून पडले आणि हँडलचे टोक पोटात बसले, तर वरून साधा वळ दिसतो, पण आत प्लीहा किंवा यकृत फाटलेले असू शकते. पोट दुखणे वाढले, उलटी झाली, मूल पांढरे पडले किंवा मलूल झाले तर लगेच दवाखाना. डोक्याला मार लागला तर निदान दोन दिवस लक्ष ठेवा. वारंवार उलटी, गुंगी, झटका, बोलण्यात गोंधळ, नाका-कानातून रक्त किंवा पाणी येणे ही धोक्याची लक्षणे आहेत.

अपघात झाला तर

१०८ किंवा ११२ ला फोन करा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. मान वाकवू नका, उचलून बसवू नका, पाणी पाजू नका. मदत करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ प्रमाणे त्याच्यावर खटला होत नाही, नाव सांगायची सक्ती नाही. जीवघेण्या जखमेच्या माणसाला वेळेत दवाखान्यात नेणाऱ्यास ‘राहवीर’ योजनेत २५ हजार रुपयांचे बक्षीसही आहे.

मे २०२५ पासून मोटार वाहनाच्या अपघातातल्या जखमीला नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोकड न भरता मिळण्याची योजना आहे. पादचारी आणि सायकलस्वारही त्यात येतात. पोलिसांना तातडीने कळवा आणि रुग्णालयात या योजनेचे नाव घेऊन विचारा. धडक देऊन गाडी पळाली आणि सापडली नाही, तर मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये भरपाई आहे. त्याची चौकशी प्रांत किंवा तहसील कार्यालयात करावी. गाडी सापडली तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे सहा महिन्यांच्या आत दावा करावा. पहिल्या दिवसापासूनचे सगळे कागद एका पिशवीत जपून ठेवा. दवाखान्याची एक चिठ्ठी हरवली की दावा अडतो, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

येत्या रविवारी वंदनेनंतर दोनशे पानी वही घ्या. तुमच्या वस्तीतून शाळेत जाणारी मुले रस्ता कुठे ओलांडतात, ते त्या मुलांनाच विचारा आणि पहिल्या पानावर लिहा. मग दोन माणसे ठरवा आणि दहा-दहा रुपये गोळा करा. एवढे झाले तर काम सुरू झाले. ते चालू ठेवणे मात्र दर महिन्याचे काम आहे.